चार नंबर, मिशा सोडून

पैज लागली ती पाण्याच्या पंपापाशी, आणि तेव्हा माझ्या डोक्यात अर्धी बाटली शाम्पू होता.

झालं असं, की केस धुता धुता नळ आटला. आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचेच हे, त्यामुळे तक्रार करायला मला लांब जावं लागत नाही. पण हे नेमके घरात नव्हते. मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पंप बघायला खाली उतरले. पंपाच्या खोलीला लागूनच पार्लर आहे. पार्लरवाली दारातच उभी होती.

"ताई, तुमची वेणी एकटी एक टाकी पाणी पिते," ती म्हणाली. "कापून टाका की एकदा."

"कापतेच. आज कापते."

"अशी नाही हो. आधी चेहरा बघावा लागतो."

असं म्हणून तिने माझी हनुवटी धरली आणि बाजारात भोपळा फिरवून बघतात तशी माझी मान फिरवली. "चेहरा चौकोनी. मान आखूड. कपाळ म्हणजे मोकळं मैदान. ह्याला पुढे लेअर लागतील, कानामागे थोडं वजन ठेवावं लागेल. मग रोज सकाळी ड्रायर, सीरम, आणि दर पाच आठवड्यांनी ट्रिम. आखूड केस दिसतात सोपे, पण सांभाळायला तान्ह्या मुलासारखे असतात."

"अगं, मला केस कापायचेत, धरण नाही बांधायचं! हे काम तर समोरचे भाऊसुद्धा करतील."

समोरचे भाऊ म्हणजे रस्त्यापलीकडचं सलून. काचेवर 'फक्त पुरुषांसाठी' असं लिहिलंय, पण पुरुषही हल्ली वळणावरच्या एसी सलूनमध्ये जातात. भाऊंच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर गिऱ्हाईक, एकीवर पेपर आणि एकीवर भाऊ स्वतः, अशी परिस्थिती.

पार्लरवाली हसली. नुसती हसली असती तर मी सोडून दिलं असतं. तिने तोंडावर हात ठेवून हसणं लपवलं. हा अपमान मी सहन करत नाही.

"भाऊ? भाऊंनी कापलेले तुमचे केस बघून तीन माणसांनी जरी 'छान' म्हटलं ना, तर तुम्ही म्हणाल ते करीन."

"लावतेस पैज?"

"लावते!"

आणि ह्याच वेळी, बादली घेऊन, कोर्टकाका आले. कोर्टकाका तीस वर्षं कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं कोर्ट काही निवृत्त झालं नाही. त्यांनी बादली खाली ठेवली, खिशातून पेन काढलं आणि पंपावरच कागद पसरला.

"तोंडी पैज ग्राह्य नाही, वहिनी. मुदत?"

"चाळीस दिवस."

"स्तुती किती?"

"तीन."

"स्तुती करणारा नातेवाईक नसावा. त्याला पैजेची माहिती नसावी. स्तुती न मागता आलेली असावी. चहा पाजून मिळवलेली स्तुती बाद. हरणाऱ्याने एक रविवार भर रस्त्यात, जिंकणारा सांगेल ती शिक्षा भोगावी. करा सह्या."

मी सही केली तेव्हा शाम्पू डोळ्यात गेला. त्यामुळे अटी मी नीट वाचल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

*

भाऊंना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठलेच.

"ताई, काचेवर काय लिहिलंय वाचलंत ना?"

"भाऊ, कात्रीला काय कळतं, बाई की पुरुष?"

"कात्रीला नाही कळत, पण गल्लीला कळतं. तुम्ही पैज हरलात तर तुम्हाला कोण हसणार आहे? तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरी पैज लावाल. हसतील मला. म्हणतील, म्हाताऱ्याला आता कटिंगपण जमत नाही. आधीच लोक वळणावर जातात, मग सगळेच जातील."

खरं सांगते, मी परत जायला वळलेसुद्धा. माझ्यासाठी हे फार झालं. पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही, म्हणून म्हटलं, "भाऊ, मी हरत नाही. आजवर हरले नाही. बसू?"

भाऊंनी खुर्ची तीनदा पुसली. मग म्हणाले, "कोणता कट?"

भिंतीवर त्यांचं ते जुनं पोस्टर आहे. नऊ पुरुष, नऊ कट, खाली नंबर. सगळे एकाच दिशेला, कर्ज मंजूर झाल्यासारखे बघतात. मी बोट ठेवलं. "हा चार नंबर बरा वाटतो."

"ताई, तो पुरुष आहे."

"मग मिशा सोडून बाकीचं करा."

भाऊंनी श्वास घेतला आणि कात्री चालवली. एकदा कात्री सुरू झाल्यावर मात्र त्यांचा हात चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप चालायला लागला. वेणी गेली, कल्ले आखले गेले, मानेवर मशीन फिरलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी अशी काही थापटी दिली की मला शाळेतलं सगळं आठवलं. शेवटी गालाला फेस लावायला ब्रश उचलला आणि विचारलं, "दाढी?"

आरशात आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊंनी ब्रश खाली ठेवला.

कट चांगला होता, एकदम चांगला. फक्त घरी जाऊन बेल वाजवल्यावर, ह्यांनी दार उघडलं, तेव्हा काय झालंय ते कळलं. आमचे हे अठ्ठावीस वर्षं भाऊंकडे जातात, आणि अठ्ठावीस वर्षं त्यांचा एकच कट. चार नंबर.

दारात उभं राहून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. ह्यांनी हळूच स्वतःच्या डोक्याला हात लावला, आहे का ते बघायला.

"बरा आहे," हे म्हणाले. "पण आता घरात फणी एकच लागेल."

*

आखूड केसांना काही करावं लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पहाटे माझं डोकं बघायला यायला हवं होतं. लांब केस झोपेत विस्कटले तर वेणीत कोंबता येतात. आखूड केस रात्रभर कट करून सकाळी बंड करतात. एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला तुरा. पाणी लावलं की बसतात, आणि दार उघडलं की पुन्हा उभे राहतात, पाहुणे आल्यासारखे.

सल्ले तर काय, विचारू नका. सोसायटीतली शिवणक्लासवाली म्हणाली, रात्री डोक्याला मोजा घालून झोपा. मी झोपले. सकाळी हे एक मोजा शोधत सगळं घर उलथंपालथं करत होते. दुसरी म्हणाली, अंडं लावा. लावलं, आणि गरम पाण्याने धुतलं. पुढचं सांगत नाही, पण ऑफिसात दोन दिवस माझ्या डोक्याला नाश्त्याचा वास येत होता.

सांभाळणी खरी केली ती भाऊंनीच. रस्त्यापलीकडून ते माझ्या डोक्यावर नजर ठेवून असत. मी बससाठी निघाले की हाक यायची, "ताई! उजवा कल्ला वाढलाय! या!" मी पळत जायची, दोन मिनिटं कात्री, पळत बस. दर चार दिवसांनी. कित्येक वर्षांत कुणी त्यांना नवीन काही करायला सांगितलं नव्हतं. ते डोकं बघताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे.

ऑफिसात वेगळाच गोंधळ. मी वीजबिल भरण्याच्या खिडकीत बसते. आमची हजेरी चेहरा बघणारं मशीन घेतं. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे उभी राहिले, तर ते म्हणालं, ओळख पटली नाही. मी हसून बघितलं. नाही पटली. मग आजारी असल्यासारखा चेहरा केला, कारण जुना फोटो तसा होता. तरी नाही.

साहेब म्हणाले, "अर्ज करा. सोबत जुना फोटो, नवा फोटो, आणि बदल कुणी केला त्याचा दाखला."

"केस कापणाऱ्याचा दाखला?"

"नियमात 'बदल करणारी अधिकृत व्यक्ती' असं आहे. आधी कुणाच्या तरी नाकाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा डॉक्टरांचा दाखला घेतला होता."

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा दाखला लिहिला. कोर्टकाकांनी मजकूर सांगितला: 'दाखला देण्यात येतो की सदर डोक्यावरील केस मी स्वतः कापले असून आतील डोके पूर्वीचेच आहे.' खाली सही, दुकानाचा शिक्का. साहेबांनी तो मंजूर केला. भाऊंनी त्याची झेरॉक्स आरशाला चिकटवली.

आता स्तुती. मला वाटलं होतं, रोज अडीचशे माणसं खिडकीतून माझं तोंड बघतात, तीन स्तुती म्हणजे दुपारच्या चहापर्यंतचं काम. पण बिल भरणाऱ्या माणसाला खिडकीत फक्त सुटे पैसे दिसतात. मी मान वळवून बसले, पंखा वाढवला, केसांतून बोटं फिरवली. एक जण म्हणाला, "मॅडम, मान आखडलीय का?" दुसरा म्हणाला, "बरं झालं कापले. आधी बिलावर पडायचे." तो मी लगेच लिहून घेतला, पण कोर्टकाकांनी फेटाळला. म्हणाले, "हा सोयीचा उल्लेख आहे, सौंदर्याचा नाही."

अकराव्या दिवशी एक म्हातारी खिडकीत वाकून म्हणाली, "पोरी, डोकं किती सुरेख दिसतंय तुझं! अगदी माझ्या मालकांसारखं. वारले ते." पार्लरवालीने हरकत घेतली, की हे मयताचं कौतुक आहे. अर्धा तास वाद झाला. 'सुरेख' हा शब्द स्पष्ट आहे म्हणून मंजूर.

सव्विसाव्या दिवशी बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "मावशी, मस्त कट आहे, कुठे केला?" मंजूर, बिनविरोध. भाऊंना सांगितलं तर त्यांनी तीन वेळा विचारलं, "मस्त म्हणाली? नुसतं बरं नाही? मस्त?"

पार्लरवालीने त्या दिवशी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

*

आता जे सांगते त्यात माझी चूक आहे. पण मजा फार आली, म्हणून क्रमाने सांगते.

आमच्या जिन्यात दिवा एकच, तोही कंजूष. संध्याकाळी मी कचरा टाकायला ह्यांचा निळा स्वेटर घालून उतरते. एक दिवस मागून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, फाटकावर माझी पाटी लावली तर चालेल ना? छोटीशीच."

आता आमचे हे कमी बोलतात. त्यांचं बहुतेक सगळं बोलणं 'हं' ह्या एका अक्षरात होतं. आणि ह्यांच्यासारखं 'हं' म्हणणं हा माझा जुना खेळ आहे. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"हं."

डॉक्टर खूश होऊन वर गेले. दोन दिवसांनी फाटकावर तीन फुटी दात लागला. प्लॅस्टिकचा, आतून उजेड पडणारा.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मी परवानगी दिली म्हणे. कधी दिली?" मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण चोराला जशी चोरीची चटक लागते, तशी मला 'हं'ची लागली. व्यायामवाल्याने विचारलं, गच्चीवर वजनं ठेवू? हं. शिवणक्लासवालीने विचारलं, मशिनं तळमजल्याच्या पॅसेजमध्ये हलवू? हं. एका महिन्यात आमची सोसायटी अशी काही सुधारली की पोस्टमनला वाटलं, आपण पत्ता चुकलो.

अडतिसाव्या दिवशी प्लंबर मागून आला. "साहेब, चौथ्या मजल्याचा पाइप आजच उघडू का? दोन दिवस पाणी बंद राहील सगळ्यांचं."

"हं."

"ठीक आहे. आणि साहेब, एक सांगू? कटिंग एकदम झकास झालीय ह्या वेळी. कुठे केली?"

मी तिथेच कचऱ्याची बादली घेऊन थिजले. तिसरी स्तुती! न मागता, नातेवाईक नाही, पैजेची माहिती नाही! फक्त एकच बारीकशी अडचण होती: त्याला वाटत होतं की मी माझा नवरा आहे. म्हटलं, चाळिसाव्या दिवशी काहीतरी युक्ती काढू आणि कोर्टकाकांपुढे ठेवू.

त्या संध्याकाळपासून पाणी बंद. सगळी सोसायटी ह्यांच्यावर तुटून पडली. हे शांतपणे सगळ्यांना म्हणत होते, "मी सांगितलं? असेल. माझ्या लक्षात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आवाज येत होता. बादलीतल्या पाण्याचा नाही, ह्यांचा. "एकोणीस साते एकशे तेहतीस. एकोणीस आठे एकशे बावन्न. एकोणीस नव्वे…" आणि मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून.

मी दाराशी उभी राहिले. ओट्यावर बदामाची वाटी भिजत ठेवलेली होती. खुंटीवरच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती, त्यांच्या सुवाच्य अक्षरात: 'दात, वजनं, मशिनं, पाइप. एकही आठवत नाही. डॉक्टरांना दाखवणे. हिला सांगू नये, घाबरेल.'

मला हसू आलं नाही. आयुष्यात माझ्या चेष्टेवर मला हसू आलं नाही, असा तो पहिलाच दिवस.

लगेच सांगायला हवं होतं ना? पण मी चिठ्ठी पुन्हा खिशात सरकवली. कारण सांगितलं, तर प्लंबरची स्तुती कशी मिळाली तेही सांगावं लागणार होतं. आणि रस्त्यापलीकडे भाऊंनी सकाळीच विचारलं होतं, "ताई, एकच दिवस राहिला. होईल ना तिसरी?"

*

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी पॅसेजमध्ये, शिवणाच्या मशिनांच्या मधे, सोसायटीची तातडीची सभा भरली. विषय एकच, सेक्रेटरी. पैजेचा निकाल त्यानंतर. भाऊ धुतलेला शर्ट घालून दाराशी उभे होते.

हे उभे राहिले. "सगळे म्हणतात मी परवानग्या दिल्या. सगळे खोटं बोलणार नाहीत. म्हणजे माझंच डोकं… तर मी राजीनामा देतो. अकरा वर्षं तुम्ही सांभाळून घेतलंत."

सगळ्यांनी नजरा मशिनांकडे वळवल्या. डॉक्टरसुद्धा मान खाली घालून बसले.

मी सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "हं."

सगळे ह्यांच्याकडे वळले. ह्यांचे ओठ मिटलेले होते.

"हं," मी पुन्हा म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

आधी पाइप बसवायला आलेला प्लंबर हसला. मग डॉक्टर ओरडले, "म्हणजे माझा दात…" मग सगळ्या पॅसेजने मला एकदम जे ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही. मी फक्त ह्यांच्याकडे बघत होते. हे डोळे मिटून खाली बसले. मग म्हणाले, "एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर." आणि असे हसले, असे हसले की चष्मा पडला. हसणं संपल्यावर मात्र म्हणाले, "घरी चल, मग बघतो."

मी विचार केला, आता लाज गेलीच आहे तर हक्क तरी का सोडा? म्हटलं, "कोर्टकाका, प्लंबरने झकास म्हटलं ते डोकं माझं होतं. तिसरी स्तुती झाली."

कोर्टकाकांनी कागद तीनदा वाचला. पार्लरवालीने श्वास रोखला. भाऊंनीही.

"स्तुती खरी आहे," कोर्टकाका म्हणाले. "पण ती तोतयेगिरी करून मिळवलेली आहे. बाद. वहिनी, आपण हरलात."

पार्लरवालीने टाळी वाजवली. भाऊंनी शर्टाची बाही नीट केली आणि रस्ता ओलांडून गेले. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तो आवाज मला लागला. पैज हरल्याचं मला तेवढं लागलं नव्हतं.

"शिक्षा सांगा," कोर्टकाका पार्लरवालीला म्हणाले.

तिने चाळीस दिवस विचार केलेला होता. "रविवारी माझ्या पार्लरमध्ये झाडू मारायचा. दार उघडं ठेवून. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला मोठ्याने सांगायचं, 'दोष कात्रीचा नव्हता, माझ्या अकलेचा होता.'"

"वेळ?"

"दहा ते सहा."

कोर्टकाकांनी लिहून घेतलं. मी ह्या वेळी डोळ्यांत शाम्पू नसताना, सगळं नीट वाचलं. दोनदा वाचलं. मग आनंदाने सही केली.

*

रविवारी दहाला मी झाडू घेऊन हजर. रस्त्यावर आमची अर्धी सोसायटी खुर्च्या टाकून बसली होती. हे पुढच्या रांगेत, वाटीत बदाम घेऊन. ते संपवायचे होते ना.

पहिली बाई आली. मी झाडू काखेत धरला, दारात उभी राहिले आणि बिलाच्या खिडकीतून शेवटच्या माणसाला हाक मारते त्या आवाजात ओरडले, "दोष कात्रीचा नव्हता! माझ्या अकलेचा होता!"

बाई दचकली. "कसली कात्री?"

आता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, असं करारात कुठे होतं? "ही कात्री!" मी गरकन फिरून डोकं दाखवलं. "समोरच्या भाऊंची! कात्रीचा काहीही दोष नव्हता!"

बाईने डोकं बघितलं. मागून बघितलं. रस्त्यापलीकडे बघितलं.

दुसरी आली. "दोष कात्रीचा नव्हता!" तिसरी आली. पाचव्या बाईपर्यंत खुर्च्यांवरच्या लोकांना पाठ झालं होतं. मी 'दोष' म्हटलं की रस्ता म्हणायचा, "कात्रीचा नव्हता!" दातांचे डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने. अकरा वाजता समोरचं शटर पूर्ण वर गेलं. भाऊ बाहेर आले, कान देऊन उभे राहिले, आणि मग आत जाऊन खुर्चीवरचा पेपर उचलला.

साडेअकराला पार्लरमध्ये येणाऱ्या एका मुलीने पायरीवर पाऊल ठेवलं, माझं ऐकलं, आणि पाऊल मागे घेतलं. रस्ता ओलांडला. तिच्या मागून तिची आई. काचेवरच्या 'फक्त पुरुषांसाठी'पुढे दोघी क्षणभर थांबल्या. भाऊंनी ओला फडका आणला आणि 'फक्त' पुसायला घेतलं. ऑइल पेंट होता, जाईना. मग त्यांनी काचेचं दारच सताड उघडून भिंतीला टेकवलं.

बारा वाजता पार्लरवालीने माझ्या हातातला झाडू धरला.

"ताई, पुरे झालं. फिटली पैज. घरी जा."

"असं कसं? हरलेय मी."

"मी माफ केलं!"

"माफी करारात आहे का, कोर्टकाका?"

कोर्टकाकांनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला आणि शेवटपर्यंत वाचला.

"नाही," ते म्हणाले. "सहा वाजेपर्यंत."

मी झाडू परत घेतला. कोपऱ्यावरून दोन बायका येत होत्या. घसा खाकरला. ह्यांनी मला एक बदाम दिला.